झाडाभोवतीची वाट

माझे धाकटे दीर घरं बांधतात, आणि त्यांच्या वसाहतीत रस्ते सगळ्यांत शेवटी होतात. आधी घरं, छपरावर सौरपट्ट्या, पावसाच्या पाण्याची टाकी आणि मध्ये मोकळं गवत. मग माणसं राहायला येतात, हवं तिथून चालतात, आणि गवत जिथे झिजेल तिथेच फरशी पडते. गाड्या फाटकाबाहेर राहाव्यात असा भाऊजींचा हट्ट. पण घरं घेणारे कुरकुरले, तेव्हा आतला एक तुकडा गाड्यांना द्यायचं त्यांनी कबूल केलं. जिथे कोणी चालत नाही, तो.

त्या सकाळी मोजणीदार फीत घेऊन धावतच आला. "साहेब, मोठ्या झाडाभोवती बघा. चांगली गोल वाट पडलीय. लोक तिथे फिरतात."

भाऊजींना आनंदाचं भरतं आलं. तिथल्या तिथे त्यांनी कागदावर झाडाभोवती चौक काढला, बसायला कट्टा काढला. "बघा वहिनी, माणसांना एकत्र यायचंच असतं. आपण फक्त आडवं यायचं नाही."

लोक कुठले? रोज सकाळी नाम घेत मी एकटीच तिथे फेऱ्या घालते. गप्प बसले असते तर झाड वाचत होतं. पण खोटं बोलायचं नाही हा माझा नेम, आणि खोट्याकडे बघत गप्प बसणं हे त्याचंच धाकटं भावंड.

"भाऊजी, ते लोक म्हणजे मीच हो," मी म्हटलं.

"सगळे?"

"सगळे."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. "मग वहिनी, एकट्या माणसाची वाट ती वाट नव्हे. बाकी सगळीकडे वाटा पडल्यात, गाड्यांची जागा इथेच करावी लागेल. दुपारी यंत्र येतंय, झाड काढावं लागेल."

माझी फेऱ्यांची वेळ झाली होती, आणि फेऱ्या संपेपर्यंत बोलायचं नाही हाही नेमच. मी पदर खोचला आणि चालू लागले.

"वहिनी, रागावलात का?" भाऊजी मागोमाग आले. "फाटकापाशी दहा झाडं लावतो." अर्धी फेरी झाली. "बरं, वीस."

सासूबाई उन्हाला खुर्ची टाकून बसल्या होत्या. "अरे, ती बोलायची नाही. तू वाढवत राहा, पन्नासावर येशील."

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"मी बसलेय. पडशील तूच, खाली बघून चाल."

पलीकडच्या घरातले शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून बाहेर आले. "साहेब, काय चाललंय?"

"वहिनींशी बोलतोय."

"त्या तर काही बोलत नाहीत."

"म्हणून तर वेळ लागतोय."

ऐकायचं तर चालायला हवं, म्हणून शिंपी मागे लागले. त्यांची बायको त्यांच्या मागे. मग आले गाडीवाले काका. हे दिवसातून दोनदा गाडी पुसतात म्हणून त्यांचं हे नाव. जागा आतच हवी असं ठणकावून सांगायला आले होते; पण भाऊजी थांबेनात, तेव्हा काकाही ठणकावत रांगेत शिरले. आठवड्यात पहिल्यांदाच सगळे एकमेकांशी बोलत होते, तेही पाठींशी. देवाचं नाव आणि हसू माझ्या ओठांत एकदम मावेना.

"साहेब, मला गरगरतंय," काका म्हणाले. "जरा उलटं फिरू या."

रांग वळली. पुढची मी मागे गेले आणि काका सगळ्यांचे म्होरके झाले.

मोजणीदाराला दुसरं काम नव्हतं. त्याने पुन्हा फीत टाकली. "साहेब, वाट रुंदावली. आता दोघं शेजारी चालतील."

भाऊजींनी आपल्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे पाहिलं. "यात माझेही पाय आले का रे?"

"सगळ्यांत जड तुमचेच."

भाऊजींना हसू फुटलं आणि ते मागे माझ्यापर्यंत आणि रांगेतून पुढे काकांपर्यंत पसरलं. माझ्या फेऱ्या तेव्हा संपल्या होत्या, पण पाय थांबेनात. भाऊजींनी चालता चालताच यंत्रवाल्याला फोन लावला.

"आज नको येऊस. नाही, उद्याही नको. अरे, जागा कुठली मोकळी? इथे वर्दळ आहे."

"आणि माझी गाडी?" पुढून काकांनी विचारलं.

"फाटकाबाहेर," सासूबाई म्हणाल्या. "आधी तुम्ही तर थांबा."

"थांबलो तर पडेन हो," काका म्हणाले, आणि चालतच राहिले.