सोळाव्या ग्रीनची मागची कड

नानाजींनी फावड्याचा घाव घातला आणि काळ्या मातीखालून रेती वर आली. चिमूटभर उचलून त्यांनी ती आधी स्वतः हुंगली, मग उन्मेषपुढे धरली.

"घ्या. जुन्या तेलाचा वास येऊन राहिला की नाही?"

उन्मेष पुण्याहून आलेला. नागपूरच्या या नव्वद वर्षं जुन्या गोल्फ मैदानाला मूळ रूप देण्याचं काम क्लबनं त्याच्यावर सोपवलं होतं. नकाशे वाळवीनं खाल्लेले. हाती एक पुसट फोटो, आणि पंधराव्या वर्षापासून इथं माळीकाम केलेले सत्तरीचे नानाजी. पूर्वी ग्रीनवर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायच्या जागी, गवत नव्हतंच. तेल पाजलेली कन्हान नदीची रेती अंथरलेली असायची. तिचा माग नानाजींखेरीज कुणालाच काढता येत नव्हता. महिनाभर सगळे त्यांच्या मागून चालत होते, आणि नानाजींची पाठ ताठ झाली होती.

सोळाव्या ग्रीनची मागची कड मात्र सापडेना. खड्डे मागे मागे सरकत गेले. पाचवा खड्डा माळी-क्वार्टरच्या भिंतीला टेकला. तिथंही रेती.

"म्हणजे ग्रीन भिंतीपलीकडे जाते?" सोबतच्या सेक्रेटरींनी विचारलं.

"जातेच तं! पार धम्मानंदच्या ओट्यापर्यंत. क्वार्टर तं मांगून बांधले."

"वा, नानाजी!" सेक्रेटरी हसले. "मग क्वार्टर पाडायचे. मूळ आराखडा म्हणजे मूळ आराखडा. सोमवारी कमिटीपुढे एवढंच सांगा."

नानाजींना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. भिंतीपलीकडे दोरीवर शामलाचं लुगडं वाळत होतं. शामला त्यांची सून, क्लबच्या स्वयंपाकघरात कामाला. क्वार्टर तिच्या नावावर. अशी सहा घरं. त्यांनी हातातलं फावडं उन्मेषकडे दिलं.

संध्याकाळपर्यंत बातमी घरोघरी पोचली होती. शेजारचा धम्मानंद ओट्यावर बसला होता.

"नानाजी, तुम्हीच दाखवलं म्हणतात?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. शामलानं ताट वाढलं. त्यांनी भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

सोमवारी कमिटीची पाच माणसं खड्ड्याभोवती उभी राहिली. सेक्रेटरींनी खूण केली.

"सांगा, नानाजी."

नानाजींनी खड्ड्याकाठची रेती पायानं सरकवली.

"हे रेती क्वार्टर बांधतानाची आहे, साहेब. मीच वाहून टाकली होती. इसरलो."

"अहो, परवा तर—"

"परवा काय बोललो, तेही आठवत नाही. डोकं काम नाही करून राहिलं."

कुणीतरी खाकरलं. उन्मेषनं वाकून मूठभर रेती उचलली, नाकाशी नेली. नानाजींनी डोळे मिटून घेतले.

"बांधकामाचीच आहे," उन्मेष म्हणाला. त्यानं हात झटकले आणि कागदावर ग्रीनची रेघ भिंतीच्या अलीकडून ओढली.

माणसं पांगली. सेक्रेटरी मागे थांबले. त्यांनी नानाजींच्या खांद्यावर हात ठेवला, आजारी माणसाच्या ठेवावा तसा.

"आता आराम करा. उद्यापासून मैदानात येऊ नका. तुमच्या सांगण्यावरून चुकीचं काही व्हायला नको."

नानाजींनी मान हलवली. एवढं मात्र त्यांच्या हिशेबात नव्हतं. पंचावन्न वर्षं पायाखाली असलेल्या गवतावरून ते दरवाजाकडे निघाले. सिक्युरिटीवाल्यानं हात धरला.

शामला दारातच उभी होती. घर वाचल्याचं तिला कळलं होतं, तरी चेहरा उतरलेला.

"मामाजी, खरंच इसरून राहिले का तुम्ही? मले काहून नाही सांगितलं?"

पलीकडच्या दारात धम्मानंदची बायको कान देऊन उभी होती.

"उद्या सुट्टी टाकतो," शामला म्हणाली. "डॉक्टरकडे जाऊ."

नानाजींनी चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या.

"जाऊ," ते म्हणाले.