लाल पट्टीची नळी

"साहेब, जरा डावीकडे सरका. नळी दिसली पाहिजे," टेम्पोशेठ म्हणाला, आणि मी सरकलो. ठिबकच्या अनुदानाचा हा सकाळपासूनचा चौथा फोटो. शेतं चार, शेतकरी चार, नळी मात्र एकच. ती टोकाला फुटली होती तिथे शेठने लाल पट्टी गुंडाळली होती. माझ्या पोरीच्या वेणीपेक्षा मी ती पट्टी जास्त वेळा पाहिली असेल.

पद्धत साधी होती. ठिबकच्या नळ्या विकणारा हा शेठ टेम्पोतून नळी आणायचा, बागायतदाराचे गडी ती सऱ्यांवर अंथरायचे, मी शेजारी उभा राहून फोटो काढून घ्यायचो आणि सही ठोकायचो. मग नळी परत टेम्पोत. अनुदान आलं की शेठ आणि बागायतदार मिळून खायचे. बागायतदार तरी कसले! स्वतःच्या बांधावर यायला यांना रस्ता विचारावा लागतो. आणि मी सव्वीस वर्षं नोकरी केलेला सरकारी तपासनीस, माझ्या वाट्याला दुपारचं जेवण. चोरांतही मी स्वस्तातलाच.

पाचवं शेत एका मावशीचं. नवरा गेलेला, एकरभर टोमॅटो. तिने शेठला विचारलंही नव्हतं. दुभती गाय विकून शहरातून नळी आणली होती, पावती पिशवीत घडी घालून ठेवली होती. अनुदान आलं की गाय परत आणायची, एवढाच तिचा बेत.

तिची नळी खरोखर वापरात होती, आणि तिथेच सगळं फसलं. निम्मी मातीत गाडली गेलेली, चिखलाने माखलेली, वर रोपांचा पाला. नियम म्हणतो, नळी आणि तिच्यावरचा शिक्का फोटोत स्पष्ट दिसला पाहिजे.

"काकू, उपटून धुवा की," शेठ दात काढत म्हणाला.

"उपटली तर मुळं तुटतील. आत्ता कुठं फुलं धरलीयेत."

"मग माझी अंथरतो वरून, फोटोपुरती. नळी माझ्याकडून घेतली म्हणायचं, बस."

"ऐका त्याचं, मावशी," मी म्हणालो. "दोन मिनिटांचं काम आहे."

ती माझ्याकडे वळली. "साहेब, जरा वाका. हात लावून बघा. पाणी येतंय का?"

"येतंय."

"मग?"

"फोटोत दिसत नाही ना."

"म्हणजे माझी खोटी आणि ह्याची खरी? नको मला. लिहा काय लिहायचं ते."

मला 'नळी आहे' एवढंच लिहायचं होतं. पण धड फोटो नसताना सही केली की वरून विचारणा होते, विचारणा झाली की जुने फोटो निघतात, आणि जुन्या प्रत्येक फोटोत लाल पट्टी आहे. मी लिहिलं, 'नळी आढळली नाही. अपात्र.'

तिने कागद पूर्ण वाचला. खाली सावकाश, नीट सही केली.

"आता गाय कुठली यायला," ती म्हणाली. मग तिचं लक्ष माझ्या बुटांकडे गेलं. "असे गाडीत बसू नका, साहेब. चिखल होईल सगळा."

ती सरीत वाकली, नळीच्या टोकाची घडी सोडली आणि पाण्याची धार माझ्या बुटांपुढे धरली. मी एक पाय पुढे केला. मग दुसरा.