मिस बायडाबाई, पुणेवाल्या

चातुर्मासात मंदाकिनी दुपारचं जेवण मौनाने करते, हे मांजरी गावात तिच्या ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक होतं. पहाटे देवापुढे गोपद्मांची रांगोळी, मग महादेवाला बेल, मग स्वयंपाक. आणि एकदा पानावर बसली की आचवेपर्यंत तोंडातून शब्द नाही. चुकून बोललंच, तर हातातला घास तिथेच ठेवून उठायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्यावर राहायचं. हा नेम तिला माहेरून आलेला नव्हता. तो दिला होता तिच्या आजेसासूने, बायडाबाईंनी.

बायडाबाई नाचायच्या, हे मात्र मांजरीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

म्हणजे एके काळी सगळ्या गावाला ठाऊक होतं. मग मंदाकिनीच्या सासऱ्यांना देवस्थानच्या मंडळात जागा हवी झाली आणि घरात एक नवी गोष्ट सुरू झाली. बायडाबाई कीर्तन करायच्या. भैरूआजोबा साथीला बसायचे. बघता बघता ढोलकीचा मृदंग झाला, घुंगरांच्या चिपळ्या झाल्या. जुनी माणसं गेली, नवी माणसं सोसायट्यांत राहायला आली, आणि दिवाणखान्यातल्या फोटोत तुळशीची माळ घालून बसलेल्या म्हातारीकडे बघून कुणाला शंका यायचं कारण उरलं नाही.

आता श्रावणात लोणी काळभोरहून पाहुणे येणार होते. मंदाकिनीची लेक नम्रता आणि त्यांचा तेजस एकाच कंपनीत कामाला, दोघांनी आपसात ठरवलेलं. पण तेजसचे वडील रावसाहेब भावकीला धरून चालणारे. घराणं बघितल्याशिवाय ते हो म्हणणार नव्हते.

"वहिनी, जुनं काही काढायचं नाही," धाकट्या दिराने, वैजनाथने, आदल्या दिवशीच बजावलं होतं. मार्केट यार्डात त्याचा कांद्या-बटाट्याचा गाळा. घरातले व्यवहार मंदाकिनीचा नवरा गेल्यापासून तोच बोलायचा. "एकदा सुपारी फुटू दे. मग काय सांगायचं ते सांगू."

"विचारलं तर?" मंदाकिनी म्हणाली.

"तुम्हाला कोण विचारतंय? तुमचं तर मौन असतं."

नम्रता तिथेच होती. "काका, तेजसला मी कधीच सांगितलंय. त्याला काही प्रॉब्लेम नाहीये."

"त्याला नसेल गं. लग्न त्याच्या एकट्याशी नाही होत. ते काय तुझं ऑनलाइन मागवलेलं पार्सल आहे?"

पाहुणे आले ते चौघं. रावसाहेब, त्यांची बायको, तेजस, आणि रावसाहेबांच्या आई मुक्ताई. मुक्ताई नऊवारीतल्या, काठी टेकत आल्या आणि आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून पुरणाचा वास घेतला. पानं मांडली तेव्हा मंदाकिनी वाढायला उभी राहिली, तर म्हातारी म्हणाली, "पोरगी वाढंल की. तू माझ्यासंगं बस. येकटीनं मागनं जेवायचं दिस गेलं आता."

मग बसावंच लागलं. मंदाकिनीने ताटाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले आणि ओठ मिटले. नम्रताने पाहुण्यांना मौनाचं सांगितलं. रावसाहेबांनी मान डोलावली. "चांगलं हाय. घरात एक तरी गप बसनारं पायजे."

जेवण निम्म्यावर आलं असेल. कटाची आमटी झाली, कुरडया झाल्या, आणि रावसाहेबांची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली.

"या कोन?"

"आमच्या आजी," वैजनाथ म्हणाला. "बायडाबाई. मोठ्या भाविक. कीर्तन करायच्या. पुण्यात, हुबळीला, पार इंदूरपर्यंत त्यांची कीर्तनं व्हायची."

"अरे वा. बाईमानूस, त्या काळात?"

"तर! आजोबा मृदंगावर. लोक नुसते दर्शनाला यायचे. पायाची धूळ कपाळाला लावायचे."

मंदाकिनीच्या हातात घास होता. तो तिने खाल्ला.

ते पाय तिने चेपले होते. लग्न होऊन आली तेव्हा बायडाबाईंनी ऐंशी ओलांडली होती आणि रोज दुपारी त्यांचे पाय चेपायचं काम नव्या सुनेकडे होतं. तळवे लाकडासारखे कडक, टाचेला बोट रुतायचं नाही. पाय चेपून घेताना म्हातारी बोलायची, आणि बोलता बोलता तिची बोटं मांडीवर ठेका धरायची.

जुन्नरकडून लहानपणीच पुण्यात आलेली पोर. आधी थिएटरात तमाशाच्या बारीला उभी राहिली, मग बायस्कोपच्या तंबूत. तेव्हा मशीन एकच असे. एक रीळ संपून दुसरं चढेपर्यंत पडदा कोरा, आणि पुढे शेकडो माणसं मोकळी बसलेली. शिट्ट्या सुरू व्हायच्या आत पडद्यासमोरच्या फळ्यांवर बायडाबाई उभ्या राहायच्या. किती वेळ नाचायचं ते त्यांच्या हातात नसे. रीळ चढलं की मशीनवाला पत्रा वाजवी. तो वाजला की गाणं असेल तिथून वळवून समेवर आणायचं, तेही असं की बघणाऱ्याला वाटावं, हे इथेच संपायचं होतं. ढोलकीवरच्या भैरूला त्यांच्या टाचेवरून कळायचं की बाई आता आवरणार. "दुसऱ्या कुनाला कळलं न्हाई कधी," त्या म्हणायच्या, "म्हनून तर त्याच्याशी लगीन केलं."

एकदा भांबुर्ड्याच्या मैदानात रीळ तुटलं, जोडलं, पुन्हा तुटलं. बायडाबाई नाचत राहिल्या. एक गाणं संपलं, दुसरं झालं, भैरूच्या बोटांतून रक्त आलं. अखेर पडद्यावर चित्र उमटलं, तर मागची माणसं ओरडायला लागली, बायस्कोप बंद करा, बाईला नाचू द्या. हे सांगताना म्हातारीच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मंदाकिनीने पुढे कुठल्याही बक्षीस घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही.

गावोगावी छकड्यावर बोर्ड फिरायचा, पुढे ताशा. बोर्डावर सिनेमाच्या नावाखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, मिस बायडाबाई, पुणेवाल्या. कराचीपर्यंत तो बोर्ड गेला. एका सावकाराने वाड्यावर नाचायला बोलावलं, गाडी पाठवली, तेव्हा त्यांनी गाडीवानाबरोबर निरोप धाडला, "माझा नाच तिकिटाचा आहे. मालकांनी तिकीट काढून यावं, पुढची जागा राखून ठेवते." आणि मौनाचा नेमही तिथलाच. तंबूत जेवताना ठेकेदार समोर येऊन बसत, थट्टा करत, हसायला लावू बघत. बायडाबाईंनी देवाची शपथ घेतली, ताटावर बोलणार नाही. "अन्न पोटात जाताना तोंडानं कुनाची हांजी हांजी नगं," त्या म्हणायच्या. ठेकेदार बोलून बोलून उठून जायचे.

बोलपट आले आणि पडदाच गायला-नाचायला लागला. बायडाबाईंनी घुंगरं सोडली, आणि नाचून जमवलेल्या पैशातून मांजरीत रान घेतलं. त्या रानावर ऊस झाला, पोरं शिकली, वैजनाथचा गाळा झाला, आत्ता ज्या घरात पुरणपोळी वाढली जात होती ते घर झालं.

"पायाची धूळ," वैजनाथ पुन्हा सांगत होता. "अहो, कीर्तनात उभ्या राहिल्या की..."

"नाचायच्या त्या," मंदाकिनी म्हणाली.

आवाज नेहमीसारखाच हळू होता. तरी नम्रताच्या हातातली तुपाची तांबली वरच्या वर थांबली.

"कीर्तन नाही. बायडाबाई नाचायच्या. थिएटरात आणि सिनेमाच्या तंबूत. आजोबा ढोलकी वाजवायचे. आणि फार उत्तम नाचायच्या."

एवढं बोलून तिने ताटाला नमस्कार केला, उठली, मोरीवर जाऊन हात धुतले. परत आली ती पदर सारखा करून उभी राहिली. ताटात निम्मी पोळी तशीच होती.

रावसाहेबांनी वैजनाथकडे पाहिलं. "मृदंग म्हनला व्हता तुमी."

"वहिनी भोळ्या आहेत, त्यांना..."

"भोळं मानूस ताटावरनं उठत न्हाई, वैजनाथराव."

मग मुक्ताईने विचारलं, "पोटासाठी नाचायची का हौसंनं?"

"पुण्यात आणली होती पोटासाठी," मंदाकिनी म्हणाली. "नाचल्या हौसेने. मला करून दाखवायच्या, या इथेच, भिंतीला हात धरून. पंच्याऐंशीव्या वर्षी टाच अशी पडायची की कपाटातली भांडी वाजायची."

म्हातारी फोटोकडे बघत राहिली.

रावसाहेबांनी जेवण सावकाश पुरं केलं. हात धुतले, सुपारी घेतली. मग सोफ्यावर बसून, हिशेबी माणूस तडजोड काढतो तशा सुरात ते म्हणाले, "ताई, पोरगी आमाला पसंत हाय. झालं ते झालं, शंभर वर्सांमागचं. आमच्या भावकीत कीर्तनच सांगू. यांनी सांगितलंय ते झ्याक हाय. तुमी फकस्त गप बसायचं. तुमाला सवय हायच."

वैजनाथने सुटकेचा निःश्वास टाकला. तेजस मान खाली घालून बसला होता. मंदाकिनीने लेकीकडे पाहिलं. या एका होकारासाठी नम्रता दोन वर्षं थांबली होती. रात्री आईच्या शेजारी झोपून कधी कधी रडलीही होती. ते सगळं मंदाकिनीला आठवलं.

"रावसाहेब," ती म्हणाली, "माझं मौन ताटापुरतं आहे. त्यापलीकडे नेलं तर तो नेम राहत नाही, लबाडी होते. देवापुढे मला रोज बसायचंय."

"मग लगीन मोडलं तर?"

उत्तर नम्रताने दिलं. "काका, मोडलं तर मला खूप त्रास होईल. खरंच. पण उद्या माझ्या पोरांना मी कीर्तनाचं सांगायचं का? सॉरी, नाही जमणार." आणि तेजसकडे वळून, "तू काही बोलणार आहेस का, की तूपण चातुर्मास धरलायस?"

मुक्ताई खुदकन हसल्या. तेजस वडिलांपुढे उठून उभा राहिला. "दादा, मला आधीपासून माहीत होतं. मीच घरी सांगायला घाबरलो. मला लग्न हिच्याशीच करायचंय."

"भावकीला सांगायचं कुनी?" रावसाहेब चिडून म्हणाले. "मी न्हाई सांगनार. माझी जीभ न्हाई रेटायची."

"मी सांगते," मंदाकिनी म्हणाली. "साखरपुड्याला सगळे येतील ना? तेव्हा सांगते. ज्यांना उठून जायचंय ते जेवायच्या आधी जाऊ शकतील."

रावसाहेब तिच्याकडे बघतच राहिले. घराणं बघायला आलेल्या माणसाला एवढी जिद्द अपेक्षित नव्हती. "आई?" ते शेवटी म्हणाले.

"मला काय इचारतोस? बाईनं ताट सोडलंय. तू काय सोडनार ते तू बघ."

तुळशीचं लग्न झालं आणि लोणीच्या एका कार्यालयात साखरपुडा ठरला. लोणीची सगळी भावकी फेटे बांधून आली होती. वैजनाथ फटकून मागच्या दाराशी उभा होता, पण आला होता. अंगठ्या घालून झाल्यावर रावसाहेबांनी माईक घेतला, घसा खाकरला, "व्हनारी विहीन दोन शब्द बोलत्यात" एवढंच म्हणाले आणि माईक तिच्या हातात देऊन लगेच बाजूला झाले.

मंदाकिनीने आयुष्यात माईक धरला नव्हता. तो तिने आरतीच्या तबकासारखा दोन्ही हातांनी धरला. समोर एवढी माणसं. बायडाबाई रोज अशा गर्दीपुढे उभ्या राहायच्या, हे तिला पहिल्यांदाच नीट कळलं, आणि तिची मान आपोआप ताठ झाली.

"नम्रताच्या पणजी बायडाबाई," ती म्हणाली, "त्या नर्तकी होत्या. सिनेमाच्या तंबूत नाचायच्या. आमचं घर, आमचं रान, सगळं त्यांच्या पायांनी मिळवलेलं आहे."

पहिल्या रांगेतले दोन फेटे एकमेकांकडे झुकले. एक जण उठला आणि खुर्च्यांमधून वाट काढत बाहेर गेला. त्याच्यामागे कुणी उठतंय का, म्हणून सगळे माना वळवून बघत राहिले. कुणी उठलं नाही. रावसाहेब छातीवर हात बांधून जागच्या जागी उभे होते.

अगदी मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला. "ताई, जोरात बोला. हिकडं काय बी ऐकू येत न्हाई."

मंदाकिनीने माईक तोंडाजवळ घेतला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.