मांडीवरचे हात

रोहिणीने कीबोर्डवर दुसऱ्यांदा तोच सूर धरला, तसा मोहिनीबाईंनी चष्मा काढला आणि पदराच्या टोकाने पुसायला घेतला. पुढे काय होणार ते त्यांना पाठ होतं. पाळक हरिओम डोळे मिटणार, मान मागे टाकणार, माइक ओठांना चिकटवणार.

"हात वर करा," हरिओम म्हणाला. "लाजू नका कुनी. दोन्ही हात वर!"

चाळीस-पंचेचाळीस माणसांचे हात वर गेले. चष्म्याशिवाय ते बाईंना नीट दिसत नसत, आणि तेवढ्यापुरतं देवाने आपल्याला अधू डोळे दिले हे बरंच केलं, असं त्यांना वाटे. पहिल्या बाकावर त्या एकट्याच मांडीवर हात ठेवून, पाठ ताठ करून बसल्या होत्या.

घाटनांदूरच्या या ख्रिस्ती देवळात त्यांचे वडील एकवीस वर्षं पाळक होते. तेव्हा माणसं प्रार्थनेला मान खाली घालत आणि हळू बोलत. देवाला ऐकू येतं यावर त्यांचा विश्वास असावा. आता देव बहिरा झाला होता आणि त्याला लांबचंही दिसेनासं झालं होतं, म्हणून लोक ओरडत होते आणि जीप थांबवायची असावी तसे हात हलवत होते. बाईंनी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं होतं. प्रश्न संपायच्या आत कोणाचा हात वर जातो, ते त्यांना कोणी सांगायला नको होतं. ज्याला उत्तर येत नाही त्याचा.

हरिओमला त्यांनी एकदा विचारलंही होतं, की हे कुठून काढलं? तर तो म्हणाला, "बाई, स्तोत्रांतच हाय की. हात वर करा म्हणून."

"स्तोत्रांत झांजा आहेत, नाचही आहे," बाई म्हणाल्या होत्या. "उद्या नाचायला सांगाल."

पुढच्याच महिन्यात थोडं थोडं नाचणं सुरू झालं. तेव्हापासून बाईंनी त्याच्याशी वाद घालणं सोडलं. मूळचा युसूफ वडगावचा, केजच्या रस्त्यावर सवाऱ्या भरून वडापची जीप चालवणारा पोरगा. दोन वर्षं कुठल्याशा बायबलच्या शाळेत जाऊन आला आणि पाळक झाला. पाळक म्हटलेलंही त्याला आवडत नसे. 'पास्टर' म्हणायचं. नाव हरिओम, आणि पास्टर.

पण सगळ्यात वाईट होती ती साखराबाई. सिदू मेंढपाळाची ही बायको वर्षभरापासून यायला लागली होती. बाईंच्या बाकाला लागूनच खाली सतरंजीवर बसायची आणि हात अंमळ अधिकच उंच करायची. कोपरापर्यंतचं गोंदण उघडं पडायचं, बांगड्या खळकन खाली यायच्या, आणि मेंढरांचा, लोकरीचा, ओल्या घोंगडीचा वास थेट पहिल्या बाकापर्यंत पोचायचा. बाई निलगिरीचा रुमाल जवळ ठेवत. कधी हात वर करायचे आणि कधी खाली घ्यायचे याचा तर साखराबाईला पत्ताच नसे. गेल्या रविवारी बिभीषण सूचना वाचत होता की शनिवारी देवळाची झाडलोट आहे, ज्याने त्याने आपापला खराटा आणावा. साखराबाई दोन्ही हात वर करून, डोळे मिटून उभी होती.

त्याच संध्याकाळी बाईंनी पत्र लिहायला घेतलं होतं. पत्र पाळकांच्या बदल्या करणाऱ्या अधीक्षकसाहेबांना होतं, चार पानांचं, एकही खाडाखोड नसलेलं. 'उपासनेस तमाशाचे स्वरूप आले आहे' हे वाक्य पहिल्या पानावर होतं आणि 'सदर पाळकाची अन्यत्र बदली व्हावी' हे शेवटच्या. पत्रावर मंडळीचा शिक्का हवा होता, आणि तो देवळाच्या कपाटात असे. बिभीषण मंडळीचा चिटणीस होता. पूर्वी तो बाईंच्याच शाळेत शिपाई होता, त्यामुळे त्यांना नाही म्हणणं त्याला जमत नसे. त्याने दोनदा मान खाजवली आणि म्हणाला, "शुक्रवारी दुपारी या बाई, देवळात. म्या आसतो तितं."

शुक्रवारी तीन वाजता बाई पोचल्या तेव्हा बिभीषण नव्हता. दाराबाहेर बायकांच्या सात-आठ चपला होत्या आणि दार अर्धवट लोटलेलं होतं. आत उपासाची प्रार्थना चालली होती. प्रार्थनेच्या मधे आत शिरायचं नाही ही वडिलांची शिस्त. बाई पायरीवर थांबल्या.

आत एक आवाज कोणाच्या तरी बाळंतपणासाठी मागत होता. मग दुसरा आवाज आला, आणि तो साखराबाईचा होता हे बाईंना बांगड्यांवरून कळलं.

"आन् देवा, आमच्या बाईंचे खांदे मोकळे कर. लई वर्षं फळ्यावर लिवलं त्यांनी, तितंच धरले. सगळ्यांचे हात वर जात्यात आन् त्या बिचाऱ्या मांडीवर हात ठिवून बसत्यात. मंग चष्मा काढून डोळे पुसत्यात. कुनाला कळू ने म्हणून चष्मा पुसायल्यासारखं करत्यात, पर म्या बघितलंय. जवळच बसते ना म्या. तू बी बघितलंच आसशील."

"आमेन," बायका म्हणाल्या.

"हा अकरावा शुक्रवार हाय देवा. अकराबी शुक्रवार म्या दिवस मावळंस्तोर पानी सुदीक घेतलं न्हाई. हे सांगायचं नव्हतं तुला. पर सांगितलं."

बाई पायरीवरून खाली उतरल्या. आधी त्यांना काही समजलंच नाही, आणि समजलं तेव्हा कानशिलं तापली. त्यांना लोकांनी शिष्ट म्हटलं असतं, गर्विष्ठ म्हटलं असतं, तर ते त्यांनी मानानं घेतलं असतं. पण 'बिचाऱ्या'? वडील गेले तेव्हाही हा शब्द त्यांच्यासाठी कोणी उच्चारला नव्हता. वर्षभर पहिल्या बाकावर त्या निषेध म्हणून बसल्या होत्या, आणि मागे बसलेली चाळीस माणसं त्यांच्याकडे पाहून हळहळत होती!

हरिओम देवळाच्या मागे मोटारसायकलची साखळी बसवत होता. बाई त्याच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"माझे खांदे धरलेत असं या बायकांना कोणी सांगितलं?"

तो उठून उभा राहिला. हातांना काळं वंगण लागलं होतं, ते त्याने अंगापासून लांब धरले.

"म्या सांगितलं, बाई."

"मी कधी म्हणाले होते तुम्हांला?"

"न्हाई."

"मग?"

"लोक इचारायलते. बाई कावून हात वर करत न्हाईत? आमच्यात बसायचं त्यांना कमीपणाचं वाटतंय का?" त्याने सीटवरची चिंधी उचलली. "साखराबाई तर यायचीच बंद झालती दोन आठवडे. म्हणली, माज्या अंगाला मेंढराचा वास येतोय, बाई रुमाल लावत्यात नाकाला. मंग म्या म्हणलं, तसलं काई न्हाई. खांदे धरलेत बाईंचे, त्याच्यावर लावायचं निलगिरीचं तेल हाय ते रुमालावर."

"म्हणजे खोटं बोललात. पाळक असून."

"हां," हरिओम म्हणाला. मग आवाज न चढवता, "खरं काय हाय ते सांगायचं व्हतं का, बाई?"

बाईंनी पिशवीतून पत्र काढून सीटवर ठेवलं.

"पत्राला शिक्का पायजे ना?" हरिओम म्हणाला. "बिभीषणमामांनी सांगितलं मला. ते आज येणार न्हाईत. त्यांना लाज वाटायली."

त्याने हात चिंधीला पुसले, मागच्या दाराने आत जाऊन शिक्का आणला आणि मोटारसायकलच्या सीटवरच पत्राच्या चारही पानांवर एकेक शिक्का मारला. नजर मजकुराकडे वळू दिली नाही.

"वाचलं नाहीत तुम्ही."

"तुमचं मराठी मला कुटं कळतंय, बाई," तो म्हणाला आणि पुन्हा साखळीपाशी खाली बसला.

घरी येऊन बाईंनी दार लावून घेतलं आणि पत्र पुन्हा वाचलं. मुद्दे बिनचूक होते. त्यांचं मत तसूभरही बदललेलं नव्हतं. हात वर करणं हा बावळटपणा होता आणि हरिओम पाळक व्हायच्या लायकीचा नव्हता, आता तर तो खोटारडाही निघाला होता. तिसऱ्या पानावर मात्र एक वाक्य होतं: 'एक मेंढपाळ स्त्री तर सूचना वाचल्या जात असतानाही दोन्ही हात वर करून उभी असते.' बाईंनी पट्टी ठेवून त्यावर रेघ मारली. खाडाखोडीचा एक गुण त्यांनी आयुष्यभर कापला होता. पान पुन्हा लिहायला घेतलं आणि अर्ध्यावर त्यांच्या लक्षात आलं, की नव्या पानावर शिक्का नसणार. शिक्क्यासाठी पुन्हा त्या माणसाकडे जावं लागणार. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि चहा टाकायला उठल्या.

साखरेचा डबा वरच्या फळीवर होता. रोज त्या टाचा उंचावून, दोन्ही हात लांब करून तो काढत. आज हात अर्ध्यावर गेले आणि थांबले. बाईंनी वळून खिडकीकडे पाहिलं. खिडकी उघडी होती. बाहेर गल्लीत कोणीही नव्हतं. तरी त्यांनी जाऊन आधी खिडकी लावली आणि मगच डबा काढला. मग चहाचं आधण उतू जाईपर्यंत त्या तो डबा हातात धरून उभ्या राहिल्या. स्वतःच्याच घरात चोरासारखं हात वर करायचे! आणि देवळात कधी चुकून हात वर गेला, माशी हाकलायला गेला, तर? चाळीस माणसं टाळ्या पिटतील. हरिओम माइकवरून चमत्कार जाहीर करील. साखराबाई तर गावभर सांगत फिरेल. एका गुडघ्याइतक्या पोरानं त्यांचे दोन्ही हात जन्मभरासाठी बांधून टाकले होते. यातून सुटायची वाट एकच होती, आणि ती फार सोपी होती. खरं सांगायचं.

ती संधी दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात आली. आठ वाजता कडी वाजली. साखराबाई होती, हातात पितळेची वाटी, वर रुईच्या पानाचं झाकण.

"तुमी काल देवळाकडं आलताव म्हणं," ती म्हणाली. "पास्टर म्हणले. आमी आतच व्हतो की. बसायचं की वाईच."

"काम होतं."

"तेल आनलंय. करडीचं हाय. लसूण आन् ओवा घालून कढवलंय. आमच्या सिदूचा गुडगा धरला व्हता, उठता येत नव्हतं. पंधरा दिवस लावलं, आता मेंढरामागं पळतोय." एवढं बोलून तिने वाटी उंबऱ्याच्या आत सरकवली आणि स्वतः बाहेरच्या पायरीवर बसली. "न्हाई म्हनू नगा, बाई. चोळून देते. खुर्ची हितं दारात घ्या. म्या हितंच बसते भाईर. पहाटं लोकर कातरायलो व्हतो, अंगाला लई वास हाय."

तिने हे अगदी सहज सांगितलं. पायात चिखल आहे म्हणून सांगावं तसं.

बाईंनी वाक्य रात्रीच तयार करून ठेवलं होतं. साखराबाई, माझ्या खांद्यांना काहीही झालेलं नाही. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जिथल्या तिथे. एवढं एकदा बोललं की सुटका होती. त्याच्यापुढे साखराबाई जे विचारणार होती, मग रुमाल कशाला, त्याचंही उत्तर बाईंना येत होतं. ते खरं होतं आणि एका शब्दाचं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पायरीवर बसलेली साखराबाई तळहात एकमेकांवर घासून गरम करत होती. चरे पडलेले, काळपट, नखांत लोकरीचे तंतू अडकलेले हात. ते आज पहिल्यांदाच बाईंना इतक्या जवळून, चष्म्यातून दिसत होते.

"आत या," बाई म्हणाल्या.

"नगं बाई, घर वासंल."

"आत या म्हटलं ना."

हा वर्गातला आवाज होता. साखराबाई उठली. उंबऱ्यावर पाय झटकले आणि आत आली. घरभर एकदा नजर फिरवून तिने वाटी उचलली, झाकण काढलं. लसणीचा दर्प आणि तिच्या अंगाचा वास मिळून खोलीत पसरला. रुमाल टेबलावर, हाताशीच होता. बाई त्याच्या पुढून गेल्या आणि स्टूल ओढून त्यावर बसल्या.

"कंचा खांदा जास्ती धरलाय?" साखराबाईने तेलात बोटं बुडवली. "पास्टरनी नीट सांगितलंच न्हाई."

बाईंनी पदर खाली घेतला, ब्लाऊजचं वरचं हूक सोडलं आणि तिच्याकडे पाठ केली.

"दोन्ही," त्या म्हणाल्या.