माझ्यावर बसून चाललेला वाद

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि मनात एक कढई आणा. तुमच्या स्वयंपाकघरातली नव्हे. तिला मोठी करत न्या, अजून मोठी, इतकी की तुमच्या वर्गातली सात-आठ मुलं गोल करून आत बसतील आणि दप्तरांनाही जागा उरेल. बूड सपाट, काठ उभे आणि काठाला धरायला जाड लोखंडी कड्या. आली का डोळ्यांसमोर? तीच मी. मी शिरोळ भागातल्या एका गुऱ्हाळाची जुनी काहील आहे. आमच्याकडची माणसं मला काईल म्हणतात.

सध्या मी करंजाच्या झाडाखाली पालथी पडले आहे. संध्याकाळी उन्हं उतरली की गावातली मोठी माणसं माझ्या पाठीवर येऊन बसतात आणि वाद घालतात. तो वाद काय आहे हे मी सांगणारच आहे. पण त्याआधी माझी ओळख पुरी करून देते.

माझा जन्म कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका कारखान्यात झाला. लोखंडाचे जाड पत्रे एकमेकांवर चढवून, तापवलेल्या रिबिटा ठोकून कारागिरांनी मला घडवलं. गुऱ्हाळाचे मालक रुद्राप्पा यांनी मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून गावी आणलं. त्यांच्या बायकोनं, मल्लव्वानं, मला हळदकुंकू वाहिलं. मग मला भट्टीवर चढवलं आणि माझं कामाचं आयुष्य सुरू झालं.

काय ते दिवस होते. चरकातून उसाचा रस यायचा, खाली उसाच्या चिपाडांचा जाळ धडधडायचा आणि बादशहा माझ्या काठाशी उभा असायचा. बादशहा आमचा गुळव्या, म्हणजे गूळ कधी झाला हे ठरवणारा माणूस. तुम्हाला वाटेल, जाळ लावला की रस लगेच उकळत असेल. तसं होत नाही. बराच वेळ वरून काहीच दिसत नाही. नवख्या माणसाला वाटतं, एवढा जाळ घालून काही फरक पडलेला नाही. आणि मग एकाएकी रस फुगून वर येतो. तेव्हा धावाधाव करणाऱ्याच्या हाताला चटके बसतात. बादशहा आधीपासूनच रस हलवायचं फावडं घेऊन तयार असायचा.

पुढे ऊस साखर कारखान्याकडे जाऊ लागला, गुऱ्हाळ बंद पडलं आणि मी कोपऱ्यात गेले. माझं काम संपलं असं मला वाटलं. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं, रस्ता बुडाला, आणि होड्या पुरेनात. तेव्हा कुणाला तरी माझी आठवण झाली. मी तरंगते, हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. गोल असल्यामुळे मी सरळ जात नाही, गरगर फिरते. बादशहानं लांब बांबू घेतला, पोहणाऱ्या पोरांनी कड्या धरल्या आणि त्यांनी मला गल्लीगल्लीतून फिरवलं. बादशहाची आई बिबीजान नदीकडच्या खालच्या गल्लीत राहते. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. तिला उचलून माझ्यात ठेवलं. रुद्राप्पाही माझ्यात बसले होते. त्यांच्या मांडीवर त्यांची नात दानेश्वरी होती, तेव्हा अगदी लहान. कोरड्या जमिनीवर उतरल्यावर रुद्राप्पांनी माझ्या काठाला हात लावून नमस्कार केला होता.

दोन वर्षांनी पुन्हा पूर आला. मी पुन्हा गेले. या वेळी रिबिटांच्या कडेनं पाणी आत झिरपू लागलं. बादशहा एका हातानं बांबू मारत होता आणि दुसऱ्या हातानं तांब्यानं पाणी उपसत होता. पूर ओसरल्यावर मला इथं आणून पालथी घातली. तेव्हापासून गंजानं माझ्या बुडाला आणखी भोकं पाडली आहेत. आता मला पाण्यात सोडलं तर मी बिबीजानला घेऊन खालची गल्लीसुद्धा ओलांडू शकणार नाही.

बादशहानं हे ग्रामसभेत सांगितलं. "काईलीला वेल्डिंग मारून घेऊया आणि खालच्या गल्लीच्या तोंडाशी ठेवूया," एवढंच त्याचं म्हणणं. गावातल्या अझीमकडे वेल्डिंगचं मशीन आहे. काम अर्ध्या दिवसाचं. पण काहील रुद्राप्पांची, आणि रुद्राप्पा म्हणाले, पूर आता कशाला येतोय? त्या एका प्रश्नावरून सभेत हवामानावर वाद पेटला आणि काहील बाजूलाच राहिली. तो वाद सभेतून उठला आणि माझ्या पाठीवर येऊन बसला.

यंदा वैशाखातच पावसानं झोडपून काढलं. वळीव यायचा आणि जायचा, तसा हा गेला नाही. एका संध्याकाळी जरा उघडीप मिळाली, तेव्हा बादशहानं पुन्हा विषय काढला.

"आप्पा, आवंदा लक्षण बरं न्हाय. अझीमला सांगू का?"

"आरं, पूर काय नवा हाय?" रुद्राप्पा म्हणाले. "माझ्या आज्ज्यानं बघितला, बापानं बघितला. नदी म्हटल्यावर पाणी येणारच की. आणि हे हवामान बदललं म्हणत्यात, ते टीव्हीवाल्यांचं खूळ हाय. मी तर ही काईल भंगारात घालायची म्हणतोय."

ऋतुराज सर हायस्कूलमध्ये शिकवतात. ते उसळून म्हणाले, "खूळ कसं आप्पा? जगभरचे शास्त्रज्ञ सांगतायत."

"ते शास्त्रज्ञ आमच्या शिवारात कधी आलते?"

"आलं तर काईलीतनंच आणाय लागंल त्यास्नी," बादशहा म्हणाला. सगळे हसले. तो हसला नाही.

"तुम्ही दोघंबी चुकताय," पलीकडे बसलेले हंबीरराव म्हणाले. "धरणाचं पाणी येळेवर सोडलं असतं, तर काय बी झालं नसतं. काईल कशाला, त्या धरणवाल्यांना जाब इचारा."

बादशहा सरांकडे वळला. "सर, तुम्हाला तर पटतंय न्हवं? मग तुम्ही तरी म्हणा, दुरुस्त करूया."

"अरे, एक काईल दुरुस्त करून काय होणार आहे?" सर म्हणाले. "प्रश्न सगळ्या जगाचा आहे. धोरणं बदलली पाहिजेत."

मित्रांनो, मी लोखंडाची आहे, तरी माझा जीव कासावीस झाला. एकजण म्हणतो, असं काही नाहीच, म्हणून दुरुस्ती नको. दुसरा म्हणतो, हे इतकं मोठं आहे की दुरुस्तीनं भागायचं नाही. तिसरा म्हणतो, चूक दुसऱ्याची आहे. तिघं एकमेकांवर ओरडतात आणि माझी भोकं तशीच राहतात.

रुद्राप्पा म्हणतात ते सगळंच खोटं नाही. पूर पूर्वीही येत होते. धरणांचं पाणी कधी सोडायचं, हाही खराच प्रश्न आहे. पण शास्त्रज्ञ सांगतात ते नीट ऐका. माणसांनी कोळसा आणि तेल जाळून जाळून हवेत असा वायू भरला आहे, जो उष्णता धरून ठेवतो. तापलेली हवा जास्त वाफ पोटात घेते आणि मग सोडते तेव्हा एकदम ओतते. एखादा पूर नेमका कशानं आला हे सांगणं अवघड असतं, पण असे धो-धो पाऊस वाढत चालले आहेत. मला ही गोष्ट समजायला वेळ लागला नाही. माझ्याखाली वर्षानुवर्षं जाळ होता. वरून शांत दिसतं म्हणून खाली आच नाही, असं मी तरी म्हणणार नाही. ती आच कमी करणं हे सगळ्या जगाचं काम आहे आणि ते झालंच पाहिजे. पण म्हणून आपल्या दारातली भोकं बुजवायची थांबवायची का?

तेवढ्यात बिबीजानची रिक्षा दवाखान्यातून परत येताना तिथं थांबली. तिनं आतूनच विचारलं, "ठरलं का रं? का अजून नदीला इचारायचं हाय?"

"ये की बिबीमावशी, बस. च्या पी," रुद्राप्पा म्हणाले.

"बसायला तुम्ही हायसा की. मला उठवायला कोण येणार त्येवढं सांगा."

रिक्षा खालच्या गल्लीत उतरून गेली. मग हंबीररावांनी धरणाचा विषय पुन्हा काढला आणि वाद जिथं थांबला होता तिथूनच पुढे सुरू झाला.

दानेश्वरी आता दहा वर्षांची आहे. माझा एक काठ दगडांवर टेकलेला आहे. त्या फटीतून शिरून मल्लव्वाची कोंबडी माझ्या पोटाखाली अंडी घालते आणि ती काढायला दानूच सरपटत आत येते. आत अंधार असतो. माझ्या बुडातल्या भोकांतून उजेडाचे ठिपके तिच्या फ्रॉकवर पडतात. बिबीजान काय म्हणाली ते तिनं आतूनच ऐकलं होतं. ती बाहेर गेली, आणि घरातला खराटा घेऊन पुन्हा आत आली.

पहिली काडी हंबीररावांच्या गुडघ्याजवळून वर आली. त्यांना वाटलं किडा आहे, म्हणून त्यांनी ती झटकली. ती हलली नाही. दुसरी काडी सरांच्या दोन पायांमध्ये उगवली. मग बादशहाच्या हातापाशी एक, रुद्राप्पांच्या मागे एक.

"दानू, भायेर ये," रुद्राप्पा म्हणाले.

"अज्जा, पाणी हितनं येतंय." माझ्या पोटातून तिचा आवाज घुमला. "आणि हितनं. आणि ह्या अंगानं बी."

"लई शाणी झालीस. ये भायेर."

"पाणी कुणामुळं आलं, ते मला म्हाईत न्हाय अज्जा. पर येतंय हितनंच."

रुद्राप्पांनी एक काडी उपसून फेकून दिली. त्याच भोकातून दुसरी वर आली. त्यांनी तीही फेकली. तिसरी आली. आता माझ्या पाठीवर जिकडेतिकडे काड्या उभ्या होत्या. हंबीरराव अंग चोरून बसले, मग उठले. बादशहा आणि सर उठले. शेवटी रुद्राप्पाही धोतर सावरत उठले आणि काड्यांकडे पाहत उभे राहिले.

दानू बाहेर आली. केसांत जळमटं होती आणि गालावर गंजाची तांबूस रेघ उमटली होती. तिनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"उठलाच हायसा, तर सगळी मिळून हिला सरळ करा," ती म्हणाली. "मी अझीमचाचाला बोलवून आणते."

आणि अज्जाच्या होकाराची वाट न बघता ती अझीमच्या दुकानाकडे पळत सुटली.