समितीपुढे आलेली ‘चोरदिंडी’

क्लबहाऊसच्या टीव्हीला गेमचं यंत्र जोडलं गेलं, त्याच दिवशी सोसायटीचे अध्यक्ष महिपतरावांनी फळ्यावर खडूने लिहून टाकलं : ‘समितीने पाहिल्याशिवाय कोणताही गेम खेळू नये. का, ते विचारू नये.’

कोथरूडच्या त्या सोसायटीत दिग्विजय समितीवर सगळ्यात तरुण. मूळचा अमरावतीचा, नोकरी खराडीला. तरुण म्हणून गेमचं खातं त्याच्या गळ्यात पडलं होतं. त्यालाही एक गेम कधीपासून खेळायचा होता. नाव ‘चोरदिंडी’. घरी टीव्हीसमोर बसायची सोय नव्हती, म्हणून त्याने रविवारी सकाळी तो समितीपुढे मांडला. मंजूर झाला, की रोज ऑफिसातून आल्यावर आपण आणि ‘चोरदिंडी’, असा त्याचा साधा हिशेब.

‘‘ऐतिहासिक आहे, काका,’’ तो म्हणाला. ‘‘गडाला वेढा पडलाय. एक दाई तान्ह्या राजपुत्राला पाठीशी बांधून निसटते. सावलीत लपायचं, तटावरून उड्या मारायच्या आणि चोरदिंडी गाठायची. म्हणजे गडाचा छुपा दरवाजा.’’

‘‘चोरदिंडी म्हणजे काय ते मला माहीत आहे,’’ महिपतराव म्हणाले. ‘‘चालतो किती वेळ?’’

‘‘छोटा आहे. एका सकाळीतही संपेल.’’

‘‘संपणार असेल तर आणायचा कशाला?’’

‘‘सिनेमापण संपतो ना, काका.’’

‘‘म्हणूनच मी सिनेमाला जात नाही.’’

खजिनदार दुर्गाबाई स्वेटर विणत बसल्या होत्या. ‘‘लपणं, तटावरून उड्या मारणं,’’ त्या मान वर न करता म्हणाल्या. ‘‘आपल्या कंपाउंडवरून पोरं आधीच उड्या मारतात. त्यांना आणखी शिकवणी कशाला?’’

‘‘खेळून बघितल्याशिवाय कसं ठरवणार?’’ दिग्विजयने विचारलं आणि कंट्रोलर उचलला. तो महिपतरावांनी त्याच्या हातातून अलगद काढून घेतला. अध्यक्ष तेच होते.

गेम सुरू झाला आणि पडद्यावर पहिला पहारेकरी दिसला. दिग्विजय म्हणाला, ‘‘वाका, काका. ते खालचं बटण.’’

‘‘मी का वाकू?’’ महिपतराव म्हणाले आणि दाईला ताठ मानेने पहारेकऱ्यासमोर घेऊन गेले. दाई पकडली गेली. ते पुन्हा गेले, पुन्हा पकडली गेली. ‘‘हा माणूस काही ऐकून घेत नाही,’’ त्यांनी तक्रार केली.

अखेर नाइलाजाने ते वाकले. सावलीतून पुढे सरकले, तर पाठीवरचं बाळ रडायला लागलं. पहारेकरी धावून आले.

‘‘बाळाला थोपटायचं असतं,’’ दिग्विजय म्हणाला. ‘‘हे डावीकडचं बटण.’’

‘‘एवढा वेळ थोपटलंच नव्हतं?’’ दुर्गाबाईंनी सुया खाली ठेवल्या. ‘‘द्या इकडे.’’

दुर्गाबाई थोपटायला लागल्या आणि थोपटतच राहिल्या. बाळ झोपलं. दाई मात्र बुरुजाच्या सावलीत जागची हलेना.

‘‘अहो, पुढे जा,’’ महिपतराव म्हणाले.

‘‘आत्ताच डोळा लागलाय त्याचा.’’

‘‘शत्रू गडावर आलाय, दुर्गाबाई.’’

‘‘मग त्याला हळू यायला सांगा.’’

असं किती वेळ चाललं असतं कोण जाणे. शेवटी दोघांनी एकच कंट्रोलर दोन बाजूंनी धरला. डावीकडे दुर्गाबाई थोपटायला, उजवीकडे महिपतराव उड्या मारायला. दिग्विजय ‘‘मी दाखवू का?’’ म्हणाला, तेव्हा दोघांनी एकदमच ‘‘शूऽऽ’’ केलं. बाळ उठलं असतं.

मग त्याला काही कामच उरलं नाही. त्याने पंखा कमी केला आणि चहा आणला. अमृततुल्यवाल्याकडून परत येईस्तोवर दोघे धान्याच्या कोठारातून पार झाले होते आणि तो भाग त्याचा बघायचा राहिला. ‘‘काय झालं?’’ त्याने विचारलं, तर महिपतराव म्हणाले, ‘‘तू असायला हवं होतंस.’’

जेवायची वेळ झाली तेव्हा दाई चोरदिंडीतून बाहेर पडली. खाली नदी होती आणि नावेत राणी वाट बघत बसली होती. दुर्गाबाईंनी पदराने डोळे टिपले. महिपतरावांनी चष्मा पुसला, तो जरा जास्तच वेळ पुसला.

‘‘उत्तम,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘फार दिवसांनी काही चांगलं बघितलं.’’

दिग्विजयचा जीव भांड्यात पडला. ‘‘म्हणजे मंजूर?’’

‘‘नामंजूर.’’

‘‘पण का?’’

‘‘समितीचा पाहून झाला. आता तो ठेवून काय करायचं?’’ त्यांनी दुर्गाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. बहुमत झालं. महिपतरावांनी स्वतःच्या हाताने गेम यंत्रातून काढून टाकला आणि सभा संपली.

दिग्विजय घरी आला तेव्हा त्याची बायको अपेक्षा पानं वाढत होती. गेमसाठी त्याने महिनाभर तिचं डोकं खाल्लं होतं.

‘‘मग?’’ तिने विचारलं. ‘‘खेळण्यासारखा आहे का?’’

दिग्विजय पानावर बसला. वरणभातावर तूप घेतलं.

‘‘चांगला आहे म्हणतात,’’ तो म्हणाला.