ओळखीचं नाव

ऑफिसात आमच्या खोलीत नुसती नावं येतात, आजार दिसत नाही. हॉस्पिटलच्या यादीतला माणूस आणि औषधांच्या यादीतला माणूस एकच आहे का, हे आम्ही पाहतो, त्याला एक नंबर देतो आणि नाव काढून टाकतो. पुढे संशोधकांना आजार दिसतो, नाव दिसत नाही.

ओळखीचं नाव आलं तर खुर्चीतून उठायचं, ते काम दुसऱ्याला द्यायचं आणि घरी तोंडाला कुलूप लावायचं. हा नियम मीच सगळ्यांच्या डोक्यात भरला. त्यावरून मला 'हेडबाई' म्हणतात. म्हणोत बापडे!

मागच्या महिन्यात ताईचं नाव आलं. मी उठले, काम शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दिलं. तेव्हापासून रोज फोनवर ताईशी भाचीच्या अभ्यासाबद्दल बोलले, पडद्यांच्या रंगाबद्दल बोलले. "तब्येत कशी आहे?" एवढं साधं वाक्यसुद्धा गिळलं. मला काही कळलंय असं तिला वाटायला नको.

काल ताई फोनवरच रडायला लागली.

"अगं, हॉस्पिटलमध्ये त्यांनी विचारलं, तुमची माहिती संशोधनाला देऊ का? तुझ्या ऑफिसचं नाव ऐकलं आणि लगेच हो म्हटलं. आजाराचं माझ्या तोंडून निघतच नव्हतं गं. वाटलं, तुझ्यासमोर माझं नाव येईल, मग तूच विचारशील. रोज तुझा फोन आला की वाटायचं, आज विचारशील."